काढलेला व्हायरस परत का येतो? घरच्या संगणकाची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

घरच्या संगणकात व्हायरस शिरल्याची शंका आली की साधारणपणे दोनच उपाय सुचवले जातात. एक, 'फॉरमॅट मारून टाका'. आणि दुसरा, आहे त्या अँटिव्हायरसवर आणखी एक अँटिव्हायरस चढवा. पहिल्याने संगणक काही दिवस तरी स्वच्छ राहतो, दुसऱ्याने तेवढेही साधत नाही. नागपुरातील शेजारी, नातलग आणि ओळखीचे लहान दुकानदार यांचे संगणक वर्षानुवर्षे दुरुस्त करताना मला एक गोष्ट सातत्याने दिसली आहे. शिरलेला प्रोग्रॅम काढणे तुलनेने सोपे असते. परंतु तो ज्या वाटेने आला ती वाट कोणी शोधत नाही आणि थोड्याच दिवसांत तोच संगणक तीच तक्रार घेऊन पुन्हा टेबलावर येतो. म्हणून पुढे काय काढायचे याच्या जोडीने ते परत कुठून येऊ शकते हेही सांगितले आहे. सर्व सूचना विंडोज १० आणि विंडोज ११ यांना लागू आहेत.

लक्षणे

सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले', 'तुमचे अँटिव्हायरस संपले आहे' अशा चौकटी सतत उमटणे. त्याखालोखाल ब्राउझरचे मुखपृष्ठ किंवा शोधयंत्र आपोआप बदलणे, आणि पेन ड्राइव्हमधील फोल्डरांच्या जागी बाणाचे चिन्ह असलेले एक-दोन केबीचे शॉर्टकट दिसणे. काही वेळा संगणकावर काहीच चालू नसताना पंखा घोंघावत राहतो. विंडोजचे स्वतःचे सुरक्षाकवच, म्हणजे डिफेंडर, बंद असणे आणि चालू केले तरी पुन्हा बंद होणे हे लक्षण अधिक गंभीर आहे. तुमच्या ईमेल खात्यातून ओळखीच्यांना तुम्ही न पाठवलेले संदेश जाऊ लागले, तर प्रश्न संगणकापुरता उरलेला नाही असे समजावे.

फोटो आणि कागदपत्रांच्या नावांपुढे अनोळखी अक्षरे लागली असतील, त्या फाइली उघडत नसतील आणि जवळच पैसे मागणारी एक मजकूर-फाइल दिसत असेल, तर खालील तपासण्या करू नयेत. वायफाय बंद करावे, नेटवर्कची वायर काढावी आणि शेवटचा भाग आधी वाचावा.

आधी ऊन, धूळ आणि डिस्क पाहा

ही तपासणी फुकट आहे, आणि नागपुरात ती पहिली करण्याला कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, त्यात खिडकीतला कूलर धूळ आणि दमट हवा एकत्रच खोलीत ढकलतो. ही ओलसर धूळ प्रोसेसरवरील पंख्याखालच्या जाळीत जाड थरासारखी बसते, उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या, दिवसांत 'व्हायरसमुळे स्लो झाला' म्हणून आणलेले अनेक संगणक झाकण उघडून ब्रशने साफ करताच पूर्ववत चालतात. (व्हॅक्यूम क्लीनर थेट सर्किटवर धरू नये, आणि फुंकर मारताना पंख्याचे पाते बोटाने रोखून धरावे.)

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावे. संगणकात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांवर असेल, तर मंदपणाचे कारण बहुधा डिस्कच आहे. तिथे अँटिव्हायरसपेक्षा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, उपयोगी पडते. यादीत 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे नाव वर दिसले म्हणून घाबरू नये, तो डिफेंडरच आहे. मात्र एक खूण नीट पाहावी. संगणक नुसताच पडून असताना पंखा जोरात फिरत असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच काही क्षणांत शांत होत असेल, तर आत लपून आभासी चलन खणणारा प्रोग्रॅम असण्याची दाट शंका घ्यावी. असे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडल्याचे ओळखून तेवढ्यापुरते थांबतात. तसे आढळल्यास ब्राउझरची तपासणी सोडून थेट डिफेंडरच्या भागाकडे जावे.

कोपऱ्यातल्या चौकटी

या चौकटी बहुतेकदा व्हायरस नसतातच. एखादे संकेतस्थळ उघडताना 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे सांगितले जाते, कोणीतरी ते दाबते, आणि त्या स्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी कायमची मिळते. पुढे ब्राउझर पार्श्वभूमीत चालू राहिला की त्याची खिडकी उघडी नसतानाही चौकटी येतात. संगणकात कुठलीही फाइल शिरलेली नसल्यामुळे अँटिव्हायरसलाही काही सापडत नाही, आणि मग 'अँटिव्हायरस निकामी आहे' असा निष्कर्ष काढला जातो.

चौकटीवर क्लिक न करता तिच्यावरचे छोटे अक्षर वाचावे. तिथे ब्राउझरचे नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता असतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या वाटेने गेल्यास परवानगी मिळालेल्या सर्व स्थळांची यादी दिसते; एज ब्राउझरमध्येही अशीच यादी आहे. ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव काढून टाकावे. त्याच पानावर संकेतस्थळांना सूचनांची परवानगी मागूच न देण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. हीच येथील वाट बंद करणे होय. घरातील मुले ज्या ठिकाणी चित्रपट किंवा क्रिकेटचे फुकट थेट प्रक्षेपण शोधतात, त्या ठिकाणांवरून ही परवानगी पुन्हा पुन्हा घेतली जाते, त्यामुळे केवळ यादी साफ करून भागत नाही.

पूर्ण पडदा व्यापून, भोंगा वाजवून, 'मायक्रोसॉफ्ट'च्या नावाने फोन क्रमांक देणारी चौकट हाही निव्वळ ब्राउझरचा खेळ असतो. एस्केप बटण काही क्षण दाबून धरावे. तरीही पडदा सुटला नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. त्या क्रमांकावर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक नसतो.

एक्स्टेन्शन आणि ब्राउझरचे खाते

शोधयंत्र बदलले असेल तर ब्राउझरमधील एक्स्टेन्शनांची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची, यादी उघडावी. पीडीएफ बदलून देणारी, व्हिडिओ उतरवून देणारी आणि 'सवलत शोधून देणारी' एक्स्टेन्शने येथे नेहमीचे संशयित असतात. स्वतः टाकल्याचे आठवत नाही ते काढावे. डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या चिन्हावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमधील 'टार्गेट' ही ओळही पाहावी. ब्राउझरच्या फाइलच्या नावानंतर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तो पुसावा.

फॉरमॅट करूनही तेच एक्स्टेन्शन परत आल्याची तक्रार वारंवार येते आणि ती खरी असते. संगणक नवा झाला तरी ब्राउझरमध्ये त्याच गूगल खात्याने प्रवेश केला की खात्याशी जोडलेली सर्व एक्स्टेन्शने आपोआप उतरतात. म्हणून फॉरमॅटच्या आधी ती त्याच खात्यात शिरून काढावीत. काढण्याचे बटणच दिसत नसेल आणि क्रोमच्या मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असे लिहिलेले असेल, तर घरच्या संगणकावर त्याचा अर्थ कोणीतरी रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या आतल्या नोंदवहीत, धोरण लिहून ते एक्स्टेन्शन बसवले आहे असा होऊ शकतो. काही अँटिव्हायरसही अशी नोंद करतात, त्यामुळे केवळ ही ओळ म्हणजे पुरावा नव्हे. रजिस्ट्रीत हात घालण्याची सवय नसेल तर मालवेअरबाइट्स या कंपनीचे मोफत ॲडक्लीनर चालवावे. अशा प्रकारच्या चिवट ॲडवेअरसाठीच, म्हणजे जाहिराती लादणाऱ्या प्रोग्रॅमांसाठीच, ते बनवलेले आहे. ते त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे, शोधात सर्वांत वर आलेल्या जाहिरातीवरून नव्हे.

पेन ड्राइव्हमधील बाण

प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत, महाडीबीटीचे अर्ज आणि विद्यापीठाचे फॉर्म भरले जात असताना, ही तक्रार शिखरावर असते. कारण प्रत्येक विद्यार्थ्याचा पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातील संगणकाला लागून येतो आणि त्या संगणकाला दिवसभरात शेकडो ड्राइव्ह लागलेले असतात.

शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' वाचल्यास आत काय चालले आहे ते कळते. तिथे फोल्डरचा पत्ता नसतो; 'सीएमडी' किंवा 'डब्ल्यूस्क्रिप्ट' या विंडोजच्या प्रोग्रॅमचे नाव आणि त्यापुढे एका लपवलेल्या फाइलचे नाव असते. शॉर्टकट उघडला की आधी ती फाइल चालते आणि मग तुमचे खरे फोल्डर उघडून दाखवले जाते, त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हमधील प्रोग्रॅम आपोआप सुरू होणे बंद करण्यात आले आहे. म्हणजे ड्राइव्ह नुसता लावल्याने हा प्रकार सहसा पसरत नाही, शॉर्टकटवर डबल क्लिक केल्याने पसरतो.

मूळ माहिती बहुतेकदा शाबूत असते, म्हणून ड्राइव्ह लगेच फॉरमॅट करू नये. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' यावरील खूण काढावी. आता फिकट रंगात खरे फोल्डर दिसतात. काही वेळा नावच नसलेला एक फोल्डर दिसतो आणि सर्व कागदपत्रे त्यात असतात. फक्त ओळखीची कागदपत्रे आणि फोटो संगणकावर घ्यावेत, त्यांवर डिफेंडर चालवावा, मग ड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि काढलेली खूण परत लावावी. स्वच्छ केलेला ड्राइव्ह घरच्या संगणकाला लावताच पुन्हा बाण दिसू लागले, तर रोग संगणकात आहे आणि ड्राइव्ह केवळ वाहक आहे.

पुढच्या खेपेसाठी सर्वांत स्वस्त उपाय असा की छापायची पीडीएफ दुकानदाराला ईमेलने पाठवावी, किंवा छपाईसाठी एक वेगळाच रिकामा ड्राइव्ह ठेवावा आणि तो घरी आल्यावर दरवेळी फॉरमॅट करावा.

डिफेंडर : आधी अपवाद, मग स्कॅन

येथून पुढे जाण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. कागदपत्रे व फोटो घ्यावेत, सेटअपच्या फाइली घेऊ नयेत. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असते आणि दुरुस्तीच्या दरम्यान ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे याची खात्री आत्ताच करून घ्यावी.

सेटिंग्जमधील इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम काढावेत. लॅपटॉपसोबत आलेले आणि मुदत संपलेले अँटिव्हायरस असेल तर तेही काढावे. ते धड राखण करत नाही आणि त्याच्या असण्यामुळे डिफेंडर काही वेळा मागे हटून बसतो. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी प्रत्यक्ष राखणीला ठेवू नयेत, कारण ती एकाच फाइलीसाठी परस्परांत अडकतात आणि संगणक आणखी मंदावतो.

आता विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज या वाटेने जाऊन 'एक्स्क्लूजन्स' ही यादी उघडावी. बहुतेक लोक ही यादी कधीच पाहत नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीत सर्वाधिक मोलाची जागा हीच आहे. या यादीतील फोल्डर डिफेंडर तपासतच नाही. चोरीची सॉफ्टवेअर बसवताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा, हा फोल्डर अपवादात टाका' अशी सूचना असते, आणि काही व्हायरस ते काम स्वतःच करून ठेवतात. कधी कधी येथे चक्क संपूर्ण सी ड्राइव्ह लिहिलेला आढळतो. अशा संगणकावर रात्रभर स्कॅन चालवला तरी 'धोका नाही' असेच उत्तर येणार. यादी रिकामी करावी, टॅम्पर प्रोटेक्शन (इतर प्रोग्रॅमना डिफेंडर बंद करू न देणारी सोय) चालू करावे, व्हायरस ओळखण्याच्या व्याख्या अद्ययावत कराव्यात आणि फुल स्कॅन चालवावा.

त्यानंतर स्कॅनच्या पर्यायांतून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडावा. विंडोज चालू असताना काही व्हायरस स्वतःला लपवू शकतात. या स्कॅनमध्ये संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी होते, म्हणून त्यांना लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात. लॅपटॉप चार्जरला लावूनच हे करावे, आणि घरी वीज जाण्याचा भरवसा नसेल तर डेस्कटॉप यूपीएसवर असावा. दुसरे मत हवे असल्यास मालवेअरबाइट्सच्या मोफत आवृत्तीचा एक स्कॅन, किंवा सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राने दिलेली बॉट (संगणक दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारे प्रोग्रॅम) काढण्याची मोफत साधने वापरता येतात.

या पातळीवर वाट शोधायची तर ती बहुधा क्रॅकमध्ये, म्हणजे परवाना तोडून फुकट चालवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, सापडते. विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करणारे ॲक्टिव्हेटर, गेम, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या तोडलेल्या प्रती. घरगुती टायपिंगसाठी तर त्याची गरजही नाही. मे २०१९ च्या अद्यतनापासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलेला आहे आणि इन्स्क्रिप्ट त्याआधीपासून आहे. जुन्या फॉन्टवर चालणाऱ्या डीटीपीवाल्यांची अडचण वेगळी आहे, त्यांनी परवाना घ्यावा. दुसरी वाट ईमेलची. विंडोज मूळ मांडणीत फाइलच्या नावाची शेपटी दाखवत नाही, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल डॉट पीडीएफ' अशी दिसते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवावे.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी हेही पाहावे की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे नियमित समर्थन संपले आहे. विस्तारित सुरक्षा अद्यतनांत नाव नोंदवलेले नसेल तर नव्या भोकांना ठिगळ मिळत नाही.

आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी

स्कॅननंतरही दर वेळी संगणक सुरू केल्यावर काळी खिडकी क्षणभर चमकून जात असेल, किंवा काढलेली फाइल परत येत असेल, तर कोणीतरी तिला पुन्हा बोलावत आहे. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपची यादी पाहावी, आणि नंतर टास्क शेड्युलर. निरर्थक अक्षरांचे नाव आणि 'ॲपडेटा' फोल्डरातून चालणारी फाइल असे काम दिसल्यास ते निष्क्रिय करावे. मायक्रोसॉफ्टचे मोफत ऑटोरन्स हे साधन या सर्व जागा एकत्र दाखवते; त्यातील मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून उरलेल्या पाहाव्यात. नोंद पुसू नये, तिच्यापुढची खूण काढावी, म्हणजे चूक झाल्यास परत लावता येते. प्रॉक्सीच्या (इंटरनेटची ये-जा मधल्या दुसऱ्या संगणकातून वळवण्याच्या) सेटिंग्जमध्ये कोणाचा पत्ता घुसवलेला नाही ना, हेही एकदा पाहावे. या भागात पुढे काय करायचे ते कळेनासे झाले तर इथेच थांबावे. अंदाजाने नोंदी काढत गेल्यास विंडोजच सुरू होणे बंद होते.

नवी विंडोज आणि पासवर्ड

ऑफलाइन स्कॅननंतरही लक्षणे परत आली, तर 'रीसेट धिस पीसी' वापरावे. त्यातील 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' हे पर्याय निवडावेत. सुमारे ४ जीबी डेटा लागतो. 'कीप माय फाइल्स' निवडल्यास फाइली राहतात आणि त्यांत लपलेली मूळ सेटअपही राहू शकते.

पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम सापडला असेल तर संगणक साफ झाल्याने काम संपत नाही. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. असे प्रोग्रॅम ब्राउझरमधील प्रवेशाची टोकनेही, म्हणजे पासवर्ड न विचारता खाते उघडे ठेवणाऱ्या खुणाही, नेतात, त्यामुळे केवळ पासवर्ड बदलणे पुरत नाही. गूगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात जाऊन अनोळखी उपकरणांना बाहेर काढावे.

कधी थांबावे

फसवणुकीत पैसे गेले असतील तर संगणकाला हात लावू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये, कारण पुरावा त्यातच आहे. बँकेला कळवावे आणि ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नागपूर शहर पोलिसांचे सायबर पोलीस ठाणे आहे, तेथेही जाता येते. फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी देण्याआधी युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि डच पोलिसांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमाच्या संकेतस्थळावर त्या प्रकारची मोफत किल्ली आहे का ते पाहावे. किल्ली नसली तरी कुलूपबंद फाइलींची प्रत जपून ठेवावी, कारण काही प्रकारांच्या किल्ल्या नंतर उपलब्ध झालेल्या आहेत. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर स्कॅन न करता संगणक बंद करावा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावा. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर तो त्यांच्या आयटी विभागाचा विषय आहे.

नागपुरात सीताबर्डी किंवा धरमपेठेत संगणक दुरुस्तीला देताना आधी स्वतःची प्रत घ्यावी, ब्राउझरमधून सर्व खात्यांतून बाहेर पडावे आणि 'माझ्याच परवान्याची विंडोज टाका, दुसरी नको' हे पावतीवर लिहून घ्यावे. संगणक परत आल्यावर दुकानातच दोन जागा उघडून पाहाव्यात. सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या पानावर तुमच्या संस्थेच्या सेवेद्वारे विंडोज चालू झाल्याचे लिहिले असेल, तर घरच्या संगणकावर ते बहुधा ॲक्टिव्हेटरचे काम आहे. आणि डिफेंडरच्या अपवादांच्या यादीत एखादा फोल्डर दिसला, तर संगणक तिथेच परत करून विंडोज पुन्हा टाकून घ्यावी.